प्रश्न वाचकांचे : बहात्तरचा दुष्काळ कागदात शोधताना

प्रश्न : एम. ए. इतिहासाच्या प्रकल्पासाठी मी माझ्या गावातला १९७२चा दुष्काळ घेतला आहे. लातूर जिल्ह्याची १९७१ची जनगणना पुस्तिका कुठेच सापडत नाही. नुसत्या मुलाखतींवर भागणार नाही, असे सर म्हणतात. काय करू? (उदगीर)

उत्तर : ती पुस्तिका सापडणारच नाही. लातूर जिल्हा झाला ऑगस्ट १९८२मध्ये. तोवर तुमचे गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होते, त्या जिल्ह्याची पुस्तिका काढा. तीत गाववार कुटुंबे, लोकसंख्या, शेतकरी आणि शेतमजूर यांचे आकडे मिळतील. जालन्याच्या (परतूर तालुका सोडून) विद्यार्थ्यांनी १ मे १९८१च्या आधीचे औरंगाबादेत, हिंगोलीच्यांनी १ मे १९९९च्या आधीचे परभणीत शोधावे.

सरांचे म्हणणे रास्त आहे. पण मुलाखतींना जोड देणारा भक्कम कागद गावातच असतो आणि तिकडे फार थोडे जण वळतात : शाळेचे जनरल रजिस्टर. त्यात प्रत्येक मुलाची दाखल तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण लिहिलेले असते. महाविद्यालयाचे पत्र घेऊन मुख्याध्यापकांना भेटा आणि १९६९ ते १९७५ दरवर्षी किती मुले, किती मुली दाखल झाल्या, किती गळाल्या ते मोजा. फक्त संख्या उतरवा, नावे नकोत. एक सांभाळा : मूल कामावर जायला लागले तरी पटावरचे नाव बऱ्याच उशिराने कमी होई. म्हणून महिन्यांवरून निष्कर्ष काढू नका, वर्षांची तुलना करा. सरकारी दुष्काळी कामांवरच्या मजुरांच्या मस्टरसाठी (हजेरीपत्रकांसाठी) तहसीलच्या अभिलेख कक्षात एक अर्ज टाका, पण त्यावर प्रकल्प अडवून ठेवू नका. अशी हजेरीपत्रके मुदत संपली की नष्ट केली जातात.

आता मुलाखती. बारा ते पंधरा पुरेत, पण सगळ्या एकाच आळीतल्या नकोत. जमीनदाराच्या वाड्यावरचा दुष्काळ आणि खडी फोडणाऱ्या बाईचा दुष्काळ वेगळा असतो. ‘दुष्काळात काय झालं?’ असे विचारले की ऐकीव उत्तर येते. त्याऐवजी ‘तवा तुमचं लगीन झालं होतं का? थोरलं लेकरू केवढं होतं?’ इथून सुरुवात करा. मिलो (परदेशातून आलेली लाल ज्वारी), सुकडी (वाटला जाणारा कोरडा खाऊ), पाझर तलावाची माती यांची आठवण निघाली की साल बहुधा बहात्तर-त्र्याहत्तरचेच. पाण्याचे टँकर आणि चारा छावण्या येऊ लागल्या तर सावध व्हा, नंतरचे दुष्काळ त्यात मिसळत असतात. बाईची मुलाखत घरातल्या पुरुषांसमोर घेतली तर उत्तरे पुरुषच देतात. तिच्या सवडीने, ओसरीवर, एखाद्या मैत्रिणीला बरोबर घेऊन बसा. पंखा बंद, फोन विमान मोडवर. तासाभराचे ध्वनिमुद्रण उतरवायला पाच-सहा तास लागतात, तेवढा वेळ आधीच धरा. बोली आहे तशीच लिहा, प्रमाण मराठी करू नका; तसे केले की माणूसच पुसला जातो.

आणखी एक : या कामांना सरसकट ‘रोजगार हमी’ म्हणू नका. रोजगार हमीचा कायदा १९७७चा आहे. सांगणाऱ्याने म्हटले तर त्याचा शब्द ठेवा, तुमच्या वाक्यात मात्र ‘दुष्काळी कामे’ लिहा.

प्रश्न : घरच्या पेटीत उर्दू कागद निघाले. त्यावर ‘फसली १३४०’ आहे. हे कोणते साल? (निलंगा)

उत्तर : १९३०-३१. फसली म्हणजे महसुली सन. निजामी राज्यात त्या काळी फसली वर्ष आजूर महिन्याने, ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात सुरू होई. म्हणून आजूर, दै आणि बहमनचा बराचसा भाग यांना ५९० मिळवा, पुढच्या महिन्यांना ५९१. पडताळा सोपा आहे : १७ सप्टेंबर १९४८ हा दिवस फसली १३५७मध्ये पडतो. सुहूर सनाच्या (मराठी कागदांतल्या दुसऱ्या एका जुन्या सनाच्या) मोडी कागदाला मात्र ५९९ किंवा ६०० मिळवावे लागतात; दोन्हींची गल्लत झाली की आठ-दहा वर्षांची चूक होते.

निलंगा १९५६पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, म्हणून हैदराबादच्या तेलंगणा राज्य अभिलेखागारात मागणी नोंदवताना बीदरच लिहा. कागद शिकस्ता वळणाचा (घाईने, अक्षरे मोडून लिहिलेला) असेल तर छापील उर्दू वाचणाऱ्यालाही तो लागत नाही. जाणत्याकडूनच वाचून घ्या. पेटीतल्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर नकोच. पाठपोट छायाचित्रे काढा, मागचे शेरे आणि शिक्केही घ्या.

प्रश्न : पीएच.डी.चा प्रबंध मराठीत आहे. साम्य तपासणीत (मजकूर दुसरीकडून उचलला आहे का, हे यंत्राने पाहण्यात) किती टक्के चालते? (नांदेड)

उत्तर : विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यावा लागतो, ४० ते ६० असेल तर वर्षभर सुधारित प्रबंधही देता येत नाही, ६०च्या वर नोंदणी रद्द होते. इंग्रजी पुस्तकातला उतारा भाषांतर करून आपल्या नावावर घातला तर यंत्राला कदाचित कळणार नाही, पण ती चोरीच आहे आणि परीक्षकाला मूळ पुस्तक ठाऊक असते. जुन्या बिगर-युनिकोड फाँटात टंकलेले असेल तर तपासणीआधी युनिकोडमध्ये बदलून घ्या आणि बदलल्यावर जोडाक्षरे, रफार, तळटिपांचे आकडे ओळीओळीने तपासा.