फोन दूर ठेवूनही मन स्वस्थ का बसत नाही?

फोन दुसऱ्या खोलीत ठेवला तरी दहा मिनिटे स्वस्थ बसवत नाही, यावर उपाय काय, असे आपण विचारले आहे. माझ्या मते फोन हाती न येऊ देणे आणि रिकाम्या हातांनी बसता येणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली साधली की दुसरी आपोआप साधेल, या समजुतीमुळेच बरेच जण चार दिवसांत पुन्हा फोनकडे वळतात.

पहिली तुलनेने सोपी आहे. फोन आपण पुष्कळदा वेळ, गजर, विजेरी, तिथी अशा किरकोळ कामासाठी उचलतो आणि तो हातातच राहतो. ही कामे ज्याची त्याला परत द्यावीत. रत्नागिरीतल्या माझ्या घरी भिंतीवर घड्याळ आहे, उशाशी गजर आहे आणि स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेले आहे. भरतीची वेळही मी फोनवर पाहत नाही. आमच्याकडची जुनी माणसे तिथीची पाऊणपट करतात, म्हणजे चतुर्थीला तीनच्या आणि अष्टमीला सहाच्या सुमारास भरती पूर्ण होते. हिशेब थोडा मागेपुढे होतो, पण गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जाणाऱ्याला तेवढा पुरतो. वापरावर मर्यादा घालणाऱ्या सोयी २०१८ पासून फोनमध्येच मिळू लागल्या आहेत, परंतु चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या देण्यातला हा प्रकार मला पटत नाही.

खरी अडचण दुसरी आहे आणि ती केवळ फोनने निर्माण केलेली नाही. व्हर्जिनिया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात माणसांना पंधरा मिनिटे एकटे, नुसते विचार करत बसवले होते आणि जवळ विजेचा झटका देणारे बटण ठेवले होते. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसेही मोजू, असे आधी सांगणाऱ्यांपैकी १८ पुरुषांतल्या १२ जणांनी आणि २४ स्त्रियांतल्या ६ जणींनी ते बटण स्वतःहून दाबले. तेव्हा आपल्याला बसवत नाही यात नवल काही नाही.

म्हणून एकदम डोळे मिटून बसण्याऐवजी आधी वाट पाहायला शिकावे, असे मी सुचवेन. भाट्याच्या खाडीवर गरी टाकली की दोरी तर्जनीवरून घेऊन बसायचे असते. ओहोटीची ओढ एकसारखी लागते, आमिष कुरतडणारी बारकी मासळी टिचक्या मारल्यासारखी जाणवते आणि शेंगटी लागली तर दोरी सरळ खालीच जाते. हा फरक बोटाला कळायचा तर लक्ष तिथेच असावे लागते, आणि मासा लागेलच याची हमी कोणी देत नाही. सुरुवातीला फार कंटाळा येतो. तो येऊ द्यावा, कारण काही वेळाने तो ओसरतो. खाडी जवळ नसेल तर ओले काजूगर सोलणे किंवा वाल सोलणे हेही चालेल. मात्र त्या वेळी कानाशी गाणी नकोत.

इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दहा दिवसांचे मौन शिबिर असते, तिथे फोन जमा करावा लागतो. ते उत्तम आहे, पण घरी अर्धा तासही बसता येत नसताना थेट तिथे जाण्याची घाई करू नये. खाडीवर फोनशिवाय जाताना घरच्यांना काळजी वाटत असेल तर परतायची वेळ सांगून निघावे, आणि अगदीच गरज पडली तर साधा बटणांचा फोन खिशात ठेवावा.