किती गेलं तर चालेल?

वाचकांचे प्रश्न

या वेळच्या पत्रांत एक विषय पुन्हा पुन्हा आला: धंदा करायचा नसेल, तर उद्योजकासारखा विचार करून रोजच्या जगण्यात पदरात काय पडतं? त्यातली काही पत्रं आणि त्यांची उत्तरं.

प्रश्न : मी नोकरी करते. धंद्याचा विचार कधी मनात आला नाही, येणारही नाही. तरी प्रशिक्षणात, भाषणांत, सगळीकडे 'उद्योजक वृत्ती बाळगा' असं सांगतात. माझ्यासारखीने ती बाळगून नेमकं करायचं काय?

उत्तर : आधी या शब्दाभोवतीचा झगमगाट बाजूला ठेवू. 'आंत्रप्रेन्युअर' हा शब्द मूळ फ्रेंच, आणि ज्या क्रियापदापासून तो आला त्याचा अर्थ नुसता 'हाती घेणं' असा आहे. रिचर्ड कॅन्टिलॉन या अर्थतज्ज्ञाचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर १७५५ मध्ये छापला गेला. त्यात त्याने उद्योजकाची ओळख अशी करून दिली आहे: तो ठरलेल्या भावाने घेतो आणि न ठरलेल्या भावाने विकतो. जाणार किती ते माहीत, येणार किती ते माहीत नाही.

आता तुमच्या दिवसाकडे बघा. बढतीच्या परीक्षेसाठी सहा महिने अभ्यास करायचा, घर बदलायचं, नवं काम अंगावर घ्यायचं. या प्रत्येक वेळी तुम्ही त्याच जागी उभ्या असता. फरक एवढाच, की उद्योजकाला हिशेब मांडावाच लागतो आणि आपण तो टाळू शकतो. बहुतेक वेळा टाळतोच.

तो हिशेब कसा मांडतात, याचा अभ्यास सरस सरस्वती या संशोधिकेने केला. मुरलेल्या २७ उद्योजकांपुढे तिने एकच काल्पनिक व्यवसाय ठेवला आणि सगळा विचार मोठ्याने बोलत करायला सांगितला. त्यावरची तिची मांडणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. आधी ध्येय ठरवून मग साधनं गोळा करायची, असं त्यांच्या विचारात क्वचितच दिसलं. मी कोण आहे, मला काय येतं, माझ्या ओळखीत कोण आहे, इथून ते सुरुवात करत. आणि 'यातून किती मिळेल' यापेक्षा 'यात किती गेलं तर मला चालेल' हे आधी ठरवत. बेधडक उडी मारणारा माणूस हे जे चित्र आपल्या डोक्यात असतं, त्याच्या हे अगदी उलट आहे.

तुम्ही सुरुवात एका कार्डापासून करा. कार्यालयात सगळे ज्याच्या नावाने कुरकुरतात असं एखादं काम घ्या, समजा महिन्याचा अहवाल. कार्डावर तीन ओळी लिहा. हातात काय आहे: मला तक्ते करता येतात, एक सहकारी मसुदा वाचून खरं मत देईल. किती गेलं तर चालेल: शुक्रवारचे दोन तास आणि 'नको' ऐकण्याचा थोडा अवघडलेपणा. कधी कळेल: पुढच्या अहवालाच्या दिवशी. मग जुन्या अहवालाच्या एकाच पानाचं नवं रूप करून साहेबांना दाखवा. सगळा अहवाल बदलायला घेऊ नका. तो फसला तर महिना जातो, पान फसलं तर दोन तास.

प्रश्न : घरात आम्ही चौघं, न्हाणीघर एक. आठला सगळ्यांनी बाहेर पडायचं असतं आणि रोज सकाळी भांडण. गजर अर्धा तास आधी लावून पाहिला, काडीचा फरक पडला नाही. यात उद्योजक वृत्ती काही करू शकते का?

उत्तर : करू शकते, आणि तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती हीच आहे की गजर आधी लावून फरक पडला नाही. कारखान्यांविषयी लिहिताना एलियाहू गोल्डरॅट यांनी १९८० च्या दशकात एक गोष्ट ठासून मांडली: एकूण काम किती निघेल ते सगळ्यात अडलेला टप्पा ठरवतो, बाकीचे टप्पे कितीही वेगवान करा. तुमच्याकडे तो टप्पा न्हाणीघर आहे. गजर लवकर झाला म्हणून न्हाणीघराचं दार लवकर लागत नाही.

आधी मोजा. न्हाणीघराच्या दारावर कागद चिकटवा, शेजारी दोऱ्याने पेन्सिल बांधा. दोनच रकाने ठेवा, आत गेल्याची वेळ आणि बाहेर आल्याची वेळ. पाच दिवस नोंद करा. नावं लिहू नका. नावं आली की तो कागद आरोपपत्र होतो आणि तिसऱ्या दिवशी नोंदी खोट्या होऊ लागतात.

समजा आकडे असे निघाले: पहिला माणूस पावणेसातला आत, प्रत्येकाला १५ मिनिटं, म्हणजे ६० मिनिटं. पण दोन माणसांच्या मध्ये न्हाणीघर पाचेक मिनिटं रिकामं राहतं. कुणी टॉवेल शोधतंय, कुणी अजून अंथरुणात आहे, कुणाला हाका मारणं चाललंय. अशा तीन फटी, त्यांची १५ मिनिटं. एकूण ७५. पावणेसात अधिक ७५ मिनिटं म्हणजे बरोबर आठ. भांडण आळसाचं नव्हतं, बेरजेचं होतं.

पहिल्या आठवड्यात फक्त फटी बुजवा. आतल्या पाण्याचा आवाज थांबला की पुढच्याने कपडे आणि टॉवेल घेऊन दाराशी उभं राहायचं. पाचाचं एक मिनिट झालं तर १२ मिनिटं वाचतात. दुसऱ्या आठवड्यात न्हाणीघराबाहेर होऊ शकणारी कामं बाहेर काढा: केस विंचरणं, दाढी, कपडे इस्त्रीचे की बिनइस्त्रीचे याचा विचार. खोलीत एक आरसा टांगला की पुरतं. माणशी १५ ची १० मिनिटं झाली, तर चार माणसांचे ४० आणि फटींचे ३, एकूण ४३. शेवटचा माणूस ७ वाजून २८ मिनिटांनी बाहेर.

दोन्ही बदल एकाच सोमवारी करण्याचा मोह होईल, तो आवरा. दोन्ही एकदम केले तर कशाने काम झालं ते कळत नाही, आणि घडी विस्कटली की कुठला बदल परत आणायचा तेही कळत नाही. फट पडण्याचं कारणही तपासा. पाणी तापायला दर वेळी दहा मिनिटं लागत असतील तर दाराशी उभं राहून काही होणार नाही. मग बादलीभर पाण्यात आंघोळ, किंवा एकाची आंघोळ रात्री. आणि न्हाणीघर सुटलं की खोळंबा दुसरीकडे जाईल, बहुधा चपलांच्या कपाटापाशी किंवा सापडत नसलेल्या किल्ल्यांपाशी. घाबरू नका, कागद तिथे हलवा.

प्रश्न : आजवर तीन गोष्टी शिकायला घेतल्या आणि तिन्ही सोडल्या. वाद्य धूळ खात पडलंय, भाषेच्या वर्गाची वर्षाची फी भरून दीड महिना गेलो. आता चित्रकला शिकावीशी वाटते, पण घरचे म्हणतात पुन्हा पैसे घालवणार. चिकाटी कशी आणू?

उत्तर : चिकाटीचं नंतर बघू. तुम्ही दोनदा मोठा खर्च आधी केला आणि चव नंतर घेतली. तिसऱ्यांदाही बहुधा तेच झालं असावं. तो क्रम उलटा करायचा आहे.

पैसे भरले की माणूस नेटाने जातो हा समज अर्धाच खरा आहे. हॅल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांचा १९८५ चा एक अभ्यास आहे. नाटकांच्या हंगामाचं तिकीट काहींना पूर्ण दराने आणि काहींना न मागता सवलतीत दिलं गेलं. पूर्ण पैसे मोजलेले लोक हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात जास्त नाटकांना आले. पुढच्या अर्ध्यात तो फरक उरला नाही. भरलेली फी ढकलते, पण थोडेच दिवस.

म्हणून पहिले चार आठवडे फक्त पेन्सिल, एक काळा रंग, एक ब्रश आणि साधे कागद. शक्य असतील त्या वस्तू उसन्या आणा. आठवड्यातून चार बैठका, प्रत्येकी २५ मिनिटं. एकूण १६ बैठका, म्हणजे पावणेसात तासांच्या आतला मामला. वेळ घड्याळाला न बांधता एखाद्या रोजच्या कामाला बांधा: रात्री टेबल पुसून झालं की त्याच टेबलावर कागद. 'अमुक झालं की तमुक करायचं' असा ठराव नुसत्या 'मी रोज करेन'पेक्षा जास्त पाळला जातो, हे पीटर गोलवित्झर यांच्या संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

सुरू करण्याआधी हे लिहून, तारीख घालून घरातल्या कुणाच्या तरी हाती द्या: १६ पैकी ११ किंवा जास्त बैठका झाल्या तर पुढचा खर्च. ६ किंवा कमी झाल्या तर थांबायचं, आणि त्यात लाज नाही. ७ ते १० झाल्या तर बैठकीची वेळ बदलून आणखी दोन आठवडे, तेही एकदाच. आधी लिहायचं कारण साधं आहे. एकदा गुंतलो की मन ती रेघ सोयीप्रमाणे पुढे सरकवतं.

या महिन्यात चित्रं चांगली आली का, हे बघू नका. बैठका मोजा. आणि सामानाच्या खरेदीपासून जपा. नवे ब्रश घरात आले की शिकायला सुरुवात झाल्याचं समाधान मिळून जातं, आणि मग खरी सुरुवात राहून जाते. त्या धूळ खाणाऱ्या वाद्याबद्दल स्वतःला विचारा: आज ते घरात नसतं, तर मी आज विकत आणलं असतं का? उत्तर 'नाही' असेल तर ते वाजवणाऱ्याच्या घरी जाऊ द्या.

प्रश्न : घरात काहीही नवं सुचवलं की सासूबाई आणि हे, दोघंही आधी 'नको' म्हणतात. मग उत्साहच जातो.

उत्तर : 'आपण यापुढे असं करू या' या वाक्यात कायमचा बदल आहे, म्हणून त्याला 'नको' येतो. मागणी लहान करा: 'पंधरा दिवस करून बघू. त्रास झाला तर मी स्वतः सगळं पूर्वीसारखं लावून देईन.' मुदत, परत फिरण्याची वाट आणि निस्तरण्याची जबाबदारी, तिन्ही एकाच वाक्यात येऊ द्या. सासूबाईंना आधी एकट्याने विचारा, 'यात काय बिघडेल असं तुम्हाला वाटतं?' जुन्या माणसाला घरातल्या अडचणी ठाऊक असतात. त्यांनी सांगितलेली एक तरी अडचण बेतात घेतली की तो बेत त्यांचाही होतो. पंधराव्या दिवशी विषय तुम्हीच काढा. तो टाळलात तर पुढच्या पंधरा दिवसांवर कुणी विश्वास ठेवणार नाही.

प्रश्न : आमच्या चौघांच्या गटाला सहा आठवड्यांत प्रकल्प द्यायचाय. मागच्या वेळी शेवटच्या रात्री जागून केला आणि दोघांशी बोलणं बंद झालं. या वेळी काय वेगळं करू? – बारावीतला विद्यार्थी

उत्तर : तू मागच्या वेळचं आठवतोस, इथेच अर्धं काम झालं. रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध कधी पुरा होईल असं विचारलं होतं. सरासरी अंदाज आला सुमारे ३४ दिवस. 'सगळं काही बिघडलं तर?' असं विचारल्यावर सुमारे ४९. लागले सुमारे ५५. आपली वाईटात वाईट कल्पनासुद्धा अपुरी पडते. म्हणून अंदाज मनावरून बांधू नका, मागच्या प्रकल्पाला खरोखर किती दिवस लागले त्यावरून बांधा आणि तुमची शेवटची तारीख चौथ्या आठवड्याच्या अखेरीस ठेवा.

पहिल्याच दिवशी वीस मिनिटं बसा. गॅरी क्लाइन यांनी सुचवलेली रीत अशी: प्रकल्प पार फसला आहे असं धरून चालायचं आणि का फसला ते लिहायचं. पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकाने आपापल्या कागदावर लिहायचं. बोलत बोलत केलं तर पहिला बोलतो तेच बाकीचे म्हणतात. मग एकेकाने एकेक कारण वाचायचं. 'काय होऊ शकेल' असं विचारलं की मुलं गुळमुळीत बोलतात. 'झालं आहे, का झालं?' म्हटलं की खरं बाहेर येतं: 'याने फोन उचलला नाही', 'फाइल एकाच्याच लॅपटॉपवर होती'. त्यातली दोन कारणं निवडा, प्रत्येकापुढे एक नाव आणि याच आठवड्यातलं एक काम लिहा. दुसऱ्या आठवड्यात शिक्षकांना एका पानाचा कच्चा आराखडा दाखवा, मग तो कितीही ओबडधोबड असो.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ हल्ली घरातल्या प्रत्येक गोष्टीत प्रयोग करतो. परवा वडिलांची रक्तदाबाची गोळी 'आठवडाभर बंद करून बघू' म्हणाला. त्याला काय सांगू?

उत्तर : स्पष्ट 'नाही' सांगा, आणि कारणासकट सांगा. प्रयोगाला तीन अटी आहेत: नुकसान आपलं स्वतःचं हवं, ते आधी मोजता यायला हवं आणि फसलं तर मागे फिरता यायला हवं. गोळी तिन्ही अटींत नापास आहे. रक्तदाबाची काही औषधं एकदम थांबवली तर दाब उसळून वाढतो. विजेच्या तारा, गॅसची जोडणी, दुसऱ्याने ठेवायला दिलेले पैसे, हेही याच यादीत.

पण त्याची उत्सुकता मोडू नका, तिला काम द्या. घरी रक्तदाबाचं यंत्र असेल तर त्याने वडिलांचा दाब सात दिवस, सकाळी गोळीआधी आणि संध्याकाळी, ठरलेल्या वेळी मोजावा. आधी पाच मिनिटं स्वस्थ बसवायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या पातळीला, मधे बोलायचं नाही. एक मिनिटाच्या अंतराने दोनदा मोजून दोन्ही आकडे वेळेसकट वहीत लिहायचे. गोळी चुकली असेल तर तेही लिहायचं. ती वही पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा आणि गोळी बदलायची का, हा प्रश्न त्यांना विचारा.