लिथियम हे शरीराला आवश्यक खनिज आहे का, आणि त्याच्या गोळ्या स्वतःहून घ्याव्यात का?

आपल्या आईला बायपोलर विकारासाठी लिथियम सुरू आहे. तेच लिथियम पिण्याच्या पाण्यातून अगदी अल्प मिळाले तरी मन स्थिर राहते असे आपल्या वाचनात आले, म्हणून आपणही लिथियम ऑरोटेटच्या (पूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या लिथियमच्या एका क्षाराच्या) गोळ्या मागवाव्यात का, असा आपला प्रश्न आहे. सोलापुरात मी बरीच वर्षे औषधांचे दुकान चालवतो आणि डॉक्टरांनी दिलेली लिथियमची गोळी दर महिन्याला नेणारी कुटुंबे मला जवळून माहीत आहेत. आपण ऑरोटेटच्या गोळ्या मागवू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

लोह, आयोडीन किंवा जस्त यांच्याप्रमाणे लिथियमची गणना माणसाच्या अत्यावश्यक खनिजांत होत नाही. लिथियम फार कमी असलेल्या चाऱ्यावर वाढवलेल्या शेळ्यांमध्ये गर्भधारणा आणि करडांचे जन्मवजन घटल्याचे प्रयोगांत दिसले. पण माणसात त्याच्या अभावाचा म्हणून ओळखला जाणारा आजार नाही. धान्य, भाज्या आणि पाणी यांतून ते आपल्या पोटात थोडेफार जातच असते.

आपण वाचलेली गोष्ट मात्र निराधार नाही. अमेरिकेच्या टेक्सास राज्यातील २७ काउंटींच्या (जिल्ह्यांच्या) १९९० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, आणि २००९ साली जपानमधील ओइता प्रांताच्या अभ्यासात, पाण्यात लिथियम अधिक असलेल्या भागांत आत्महत्यांचे प्रमाण कमी आढळले. ओइतात पाण्यातील लिथियमचे प्रमाण लिटरमागे जास्तीत जास्त ५९ मायक्रोग्रॅम होते. म्हणजे दोन लिटर पाण्यातून जेमतेम ०.१२ मिलिग्रॅम. आपल्या आईच्या ३०० मिलिग्रॅमच्या लिथियम कार्बोनेटच्या एका गोळीत सुमारे ५६ मिलिग्रॅम लिथियम असते, म्हणजे त्याच्या चारशे पटींहून अधिक. शिवाय हे अभ्यास गावागावांची सरासरी ताडून पाहणारे आहेत; एका माणसाने काय घ्यावे हे त्यांवरून ठरत नाही. २०२५ साली अल्झायमरच्या संदर्भात लिथियम ऑरोटेटचे उत्साहवर्धक निष्कर्ष आले, तेही उंदरांवरचे होते.

औषध म्हणून लिथियमचे मोल फार मोठे आहे. ऑस्ट्रेलियातील जॉन केड यांनी १९४९ साली उन्मादाच्या (बायपोलर विकारातील अतिउत्तेजित अवस्थेच्या) रुग्णांवर त्याचा परिणाम दाखवला, आणि आजही आत्महत्येचा धोका कमी करणारे औषध म्हणून त्याचा आधार घेतला जातो. त्याच वर्षी अमेरिकेत मिठाऐवजी लिथियम क्लोराइड वापरणारे काही हृदयरोगी विषबाधेने दगावले. रक्तातील उपयुक्त पातळी साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर असते आणि १.५ च्या पुढे विषबाधेची लक्षणे दिसू लागतात, इतके हे अंतर अरुंद आहे.

आपल्या सोलापुरात हे अंतर उन्हाळ्यात आणखी आक्रसते, आणि यासाठीच मी हे उत्तर लिहावयास घेतले. मूत्रपिंड लिथियमला सोडियमप्रमाणेच वागवते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार गेला की घामावाटे पाणी व मीठ जाते, शरीर सोडियम धरून ठेवू लागते आणि त्याबरोबर लिथियमही साठते. जुलाब, उलट्या, कडक उपवास किंवा एकाएकी अळणी जेवण यांनीही हेच घडते. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात लिथियम घेणारे एक गृहस्थ गुडघेदुखीसाठी आयब्युप्रोफेन मागण्यास आले, तेव्हा त्यांचे हात थरथरत होते आणि बोलणे जड झाले होते. मी ती गोळी दिली नाही व त्यांच्या मुलाला बोलावून त्यांना लगेच डॉक्टरांकडे पाठवले. तपासणीत पातळी वाढलेलीच निघाली. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक आणि रक्तदाबाच्या काही गोळ्या लिथियमची पातळी वाढवतात, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

आईंची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नका. अचानक थांबवल्यास उन्माद उलटण्याची भीती असते. लिथियमची पातळी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ततपासणी) आणि थायरॉईड यांची तपासणी डॉक्टर सांगतील त्या अंतराने करावी. पातळीसाठी रक्त शेवटच्या मात्रेनंतर बारा तासांनी द्यायचे असते; म्हणून त्या दिवशी सकाळची गोळी असल्यास ती रक्त दिल्यानंतरच द्यावी.