अंड्याआधी उपास सांगा

न्यूरेंबर्गहून एका आईचं पत्र आलंय. चांगलं लांबलचक आहे, त्यातलं मुख्य तेवढं इथे देते.

"ताई, मुलाच्या किंडरगार्टनमधून चिठ्ठी आलीय. ईस्टरसाठी प्रत्येकानं दहा अंडी फुंकून, रिकामी करून आणायची, मग मुलं ती रंगवून फांद्यांना टांगणार. आमच्या घरात अंडं येत नाही. त्यात सासूबाई तीन महिन्यांच्या व्हिसावर आल्यात. त्या म्हणाल्या, 'आज अंडं, उद्या चर्च, परवा नाव बदला.' नवरा म्हणतो, एवढं काय त्यात, हा सण मुळात त्यांचा नाहीच, आणि त्यानं मला एक फॉरवर्ड पाठवला. मुलगा रोज विचारतो, ससा अंडी कशी घालतो? मी काय सांगू?"

याशिवाय चॉकलेट, शेजारणीचं चर्चला येण्याचं आमंत्रण आणि मराठी मंडळाचा पाडवा, अशा आणखी तीन काळज्या आहेत. त्या उरलेल्या जागेत बघू.

बाई गं, आधी मला एक सांग. हा सण उपास सोडण्याचा आहे, हे सासूबाईंना कोणी सांगितलंय का? तुझ्या पत्रात अंडं आहे, ससा आहे, सुपरमार्केटातला चॉकलेटचा ढीग आहे, पण उपासाचं नाव नाही. दरवर्षी मार्च उजाडला की अशी पत्रं येतात आणि दरवर्षी मी हेच उत्तर देते. संपादक म्हणतात, ताई, यंदा जरा वेगळं काही लिहा. वेगळं काय लिहू? उपास काढून टाकला तर ईस्टरमध्ये उरतं काय, तर अंडी घालणारा ससा. मग मूल विचारणारच आणि आई गोंधळणारच.

तर नीट ऐक. राखेच्या बुधवारपासून ईस्टरच्या आदल्या दिवसापर्यंत, मधले रविवार सोडून चाळीस दिवसांचा हा उपास. मध्ययुगात पश्चिम युरोपातल्या चर्चचा नियम कडक होता. मांस तर नाहीच, पण दूध, लोणी आणि अंडीही वर्ज्य. आता माणसांनी खाणं थांबवलं म्हणून कोंबड्या थोड्याच थांबतात! उलट हिवाळा सरून दिवस मोठा व्हायला लागला की त्या जास्त अंडी घालतात. घरात अंडी साठत जायची, मग टिकावीत म्हणून उकडून ठेवायची. जर्मन मुलखात तर कुळं याच सुमाराला जमीनमालकाला खंडाचा काही भाग अंड्यांतच द्यायची. आणि ईस्टरच्या सकाळी, इतके दिवस समोर असून तोंडात न घातलेलं ते अंडं पहिल्यांदा पानात यायचं. सणाचं म्हणून रंगवलेलं. इंग्लंडच्या पहिल्या एडवर्ड राजाच्या १२९० सालच्या हिशेबात साडेचारशे अंड्यांसाठी अठरा पेन्सचा खर्च मांडलेला आहे. ती रंगवून, काहींना सोन्याचा वर्ख लावून दरबारात वाटली होती.

उपासाच्या आधी घरातलं लोणी, अंडी, चरबी संपवायची, म्हणून इंग्लंडात पॅनकेकचा मंगळवार आणि तुमच्या बव्हेरियात उपासाआधीच्या फाशिंगच्या जल्लोषात बेकऱ्यांमध्ये क्राप्फन नावाच्या तळलेल्या गोड पावांच्या राशी. श्रावणाच्या तोंडावर आपल्याकडे गटारी करतात, ती काय निराळी आहे? हे मी गमतीनं म्हणत नाही. ज्या घरात चातुर्मास पाळला जातो, त्या घराला ईस्टर समजायला पाच मिनिटं पुरतात. समजावून सांगणारं माणूस मात्र हवं, आणि ते तू आहेस.

माझी आई पहिल्यांदा आमच्याकडे फ्रांकफुर्टला आली, तेव्हा समोरच्या घरात एक म्हाताऱ्या कॅथलिक बाई राहायच्या. त्यांच्या खिडकीत टांगलेली अंडी बघून आईनं नाक मुरडलं होतं. मी तिला सांगितलं, या बाई चाळीस दिवस गोड आणि मांस खात नाहीत, शुक्रवारी एकदाच जेवतात. आई गप्प झाली. थोड्या वेळानं म्हणाली, "पाणी पितात ना?" त्या दिवसापासून समोरच्या बाईंबद्दल तिचा सूरच बदलला. अंड्याला तिनं शेवटपर्यंत हात लावला नाही, लावायचं कारणही नव्हतं. पण त्या बाई कांद्याच्या सालांत अंडी उकळून रंगवतात हे कळल्यावर आमच्या घरातलं एकही साल कचऱ्यात गेलं नाही. आपल्याकडे कांद्याला काय तोटा! आई पिशवी भरून सालं नेऊन द्यायची. बदल्यात ईस्टरला बाईंनी तिला गोड पाव आणून दिला, तर आईनं पहिला प्रश्न काय विचारला असेल? "यात अंडं आहे का?" होतं. पाव आम्ही खाल्ला.

म्हणून तुझ्या सासूबाईंना घाबरू नकोस, त्यांना कामाला लाव. २०२६ सालचं कॅलेंडर काढून त्यांच्यासमोर ठेव. ईस्टरच्या आधीचा, झावळ्यांचा रविवार २९ मार्चला आहे, आणि त्याच दिवशी आपली कामदा एकादशी. म्हणजे त्या उपाशी असतील त्या दिवशी शेजारणीचा मोठा आठवडा सुरू होत असेल. २ एप्रिलला हनुमान जयंती, ३ ला गुड फ्रायडे, ५ ला ईस्टर. हा निव्वळ योगायोग नाही. २१ मार्च किंवा त्यानंतरची पहिली पौर्णिमा, आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर, अशी ही मोजणी आहे. त्यामुळे तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्यामध्येच फिरतो आणि बहुतेक वर्षी चैत्री पौर्णिमेच्या पाठोपाठ येतो. आपला अधिक महिना मध्ये आला की मात्र गणित सुटतं. २०२४ साली तो होळीपाठोपाठ ३१ मार्चलाच येऊन गेला. ग्रीक आणि इतर ऑर्थोडॉक्स मंडळी जुन्या कॅलेंडरनं मोजतात, त्यांचा २०२६ साली १२ एप्रिलला. भिंतीवरच्या कालनिर्णयात पौर्णिमा बघून ज्यांना ईस्टर सांगता येतो, त्या सासूबाई नातवाच्या डोळ्यांत किती मोठ्या होतील, विचार कर.

आता नवऱ्याचा फॉरवर्ड. मला माहीत आहे तो, माझ्या दिरांनीही पाठवला होता. ईस्टर म्हणजे बाबिलोनची इश्तार देवी, अंडं आणि ससा ही तिची चिन्हं वगैरे. त्यांना माझा निरोप दे की हा सण दुसऱ्या शतकात ग्रीक आणि सीरियन भाषा बोलणारे ख्रिस्ती साजरा करत होते, त्याच्या तारखेवरून रोम आणि आशिया मायनर यांच्यात तेव्हाच भांडणं झाली होती. ती मिटवायला ३२५ साली नायसियाच्या धर्मसभेत हा विषय आला. 'ईस्टर' म्हणणारे अँग्लो-सॅक्सन लोक त्या वेळी ख्रिस्तीही झाले नव्हते. नावापुरतं बोलायचं तर बीड नावाच्या एका साधूनं ७२५ साली लिहून ठेवलंय की एओस्त्रे नावाच्या देवीवरून ईस्टरच्या महिन्याला नाव पडलं. बस, एवढंच. तिथे अंडं नाही की ससा नाही. पुढे १८३५ साली परीकथांवाल्या याकोब ग्रिमनं तिची जर्मन बहीण कल्पून मोठी इमारत उभी केली, आणि आता ती मोबाइलवर फिरते. सण परका वाटला की त्याला 'मुळात भलत्याचाच' ठरवून मोकळं व्हायचं, ही आपल्या लोकांची जुनी खोड आहे. आपल्या सणांबद्दल कोणी असं बोललं तर चालेल का आपल्याला?

अंड्याला एकच एक उगम शोधायला जाऊ नकोस. ज्यूंच्या पासओव्हरच्या ताटात भाजलेलं अंडं असतं, इराणी घरांत नवरोजला रंगवलेली अंडी मांडतात. पण तुझ्या मुलाच्या हातात जे येणार आहे, ते उपासानंतरचं अंडं, हे पक्कं धर.

आणि ससा? हाइडेलबर्गकडच्या गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाउ नावाच्या डॉक्टरनं १६८२ साली लिहिलंय की आल्सास आणि आसपासच्या भागात मुलांना सांगतात, ससा येऊन बागेत अंडी लपवतो. या गोष्टीवर भाबडी माणसं आणि पोरं विश्वास ठेवतात, असंही तो तिथेच म्हणतो. तेव्हा मुलाला सांगून टाक, ससा घालत नाही, आणून लपवतो. तेही प्रत्येक गावी तो नसतोच. फ्रान्समध्ये गुरुवारी चर्चच्या घंटा गप्प होतात, त्या रोमला उडून जातात आणि येताना अंडी टाकत येतात. ऑस्ट्रेलियात सशांनी शेतांची धूळधाण केलेली, त्यामुळे तिथे चॉकलेटचा बिल्बी मिळतो, लांब कानांचा त्यांचा स्वतःचा प्राणी. स्वीडनमध्ये माझ्या भाचीची लेक दरवर्षी डोक्याला रुमाल बांधून, गालांवर लाल टिकल्या काढून चेटकीण होते आणि दारोदार गोळ्या मागत फिरते. फोटो येतात. माझी धाकटी जाऊ क्राकोला राहते. ती पहिल्याच वर्षी ईस्टरच्या सोमवारी रेशमी साडी नेसून कोणाकडे तरी जेवायला निघाली आणि बस थांब्यावर पोरांनी बादलीभर पाणी ओतलं. पोलंडमध्ये त्या सोमवारी पाणी उडवतातच, कोणी तिला सांगितलं नव्हतं. पण तिचंच म्हणणं की त्याआधीचा शनिवार बघण्यासारखा असतो. टोपलीत अंडी, पाव, मीठ, सॉसेज, लोण्याचं कोकरू असं सगळं भरून, वर पांढरं कापड घालून लोक चर्चमध्ये आशीर्वाद घ्यायला रांग लावतात. टोपलीत काय काय असतं पाहिलंस? पाव-मीठ सोडलं तर उपासात जे चालत नव्हतं, तेच. पुन्हा तिथेच आलो.

'नाव बदला'चं भय ज्यांना वाटतं, त्यांना वसई दाखव. माझं माहेर विरारचं. शाळेतली माझी मैत्रीण वसईची ख्रिस्ती, घरात मराठी, मिस्सा म्हणजे चर्चमधली उपासनाही मराठीत. तिची आजी उपवासकाळात मासळीलाही शिवायची नाही, आणि वसईच्या बाईनं मासळी सोडणं म्हणजे काय ते सासूबाईंना सांगायला नको. फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० साली उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, 'सुबोध बायबल' त्यांचंच. तेव्हा ईस्टर मराठीत कधीचा आलेला आहे. तुमच्या घरी तो आज जर्मनमधून आला इतकंच.

आता अंड्यांचं. स्वयंपाकघरात फोडायचं नसेल तर नको, त्यात लाजण्यासारखं काही नाही. किंडरगार्टनच्या बाईंना सरळ सांग, आम्ही शाकाहारी आहोत, आमचा मुलगा लाकडाची अंडी आणेल. हस्तकलेच्या दुकानात मिळतात. त्यांना अशी उत्तरं नवी नाहीत. नाहीतर शेजारणीला दहा अंडी विकत आणून दे, ती फुंकेल, आतल्याचा केक करेल आणि टरफलं तुला देईल. मुलानं बाल्कनीत बसून रंगवावी. एक लक्षात ठेव, फुंकलेलं अंडं रंगाच्या पाण्यात बुडत नाही, तरंगतं, म्हणून ब्रशनंच रंगव. कांद्याच्या सालांची तपकिरी-लाल झाक हवी असेल तर ती उकडायच्या अंड्यांवर, आणि ते काम शेजारणीच्या गॅसवर. कोथिंबिरीचं पान अंड्यावर चिकटवून जुन्या नायलॉन मोज्यात घट्ट बांधून उकळलं की पानाचा ठसा उमटतो. हळदीनं पिवळं होतं. लाल कोबीनं निळं होतं, हे बघायला मुलगा उड्या मारेल. सासूबाईंकडे सालं जमवायचं काम दे. आणि तुम्ही न्यूरेंबर्गला असून एका रविवारी फ्रँकिश स्वित्झर्लंडमधल्या विहिरी बघितल्या नाहीत तर काय म्हणावं! गावोगावच्या विहिरींना आणि कारंज्यांना हिरव्या फांद्यांच्या माळा आणि शेकडो रंगीत अंडी लावतात. त्या डोंगराळ भागात पाण्याची टंचाई असायची, त्यामुळे पाण्याचं कौतुक. सासूबाईंना घेऊन जा, तिथे त्या अंड्याबद्दल काही बोलणार नाहीत.

बाकीचं थोडक्यात. चॉकलेटचं काय करायचं विचारतेस, अर्धं लपव. वर सांगितलेल्या डॉक्टरलासुद्धा १६८२ साली जास्त अंडी खाऊन लोकांची पोटं बिघडतात हीच चिंता होती. शेजारीण चर्चला बोलावते तर जा, मागच्या बाकावर बस, प्रसाद घ्यायला रांगेत उभी राहू नकोस, तो त्यांच्या बाप्तिस्मा झालेल्यांसाठी असतो. 'येशू परत कसा आला' असं मुलानं विचारलं तर 'ख्रिस्ती लोक तसं मानतात' हे पुरेसं आहे, तुला पौरोहित्य करायला कोणी सांगितलेलं नाही.

मंडळाच्या पाडव्याबद्दल मात्र मी जरा रागावले आहे. सुट्टी लागून येते म्हणून लेझीम आणि ढोलाचा कार्यक्रम चक्क गुड फ्रायडेला? बव्हेरियात त्या दिवशी सार्वजनिक नाचगाण्याला कायद्यानं मनाई आहे आणि शनिवारही त्यातच येतो. तुमच्या अध्यक्षांना आजच फोन कर. सोमवारी सुट्टी असते आणि बंदी नसते, हॉल रिकामा आहे का ते विचारा.