दिवाणजींचा पेन ड्राइव्ह

प्रश्न : लक्ष्मीपुरीत आमचं धान्याचं होलसेल दुकान आहे. हिशेब टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. दिवाणजी रोज दुकान वाढवताना पेन ड्राइव्हवर बॅकअप घेतात आणि तो गल्ल्यात ठेवतात. मुलगा म्हणतो, गूगल ड्राइव्हवर टाका. आपली उधारी-वसुली परक्याच्या कॉम्प्युटरवर ठेवायची हे मला पटत नाही. आणि हे सगळं किती वर्षं सांभाळायचं?
– एक व्यापारी, लक्ष्मीपुरी, कोल्हापूर

उत्तर : गल्ल्यातला पेन ड्राइव्ह म्हणजे दुसरी किल्ली कुलपालाच बांधून ठेवल्यासारखं झालं. चोर आला, आग लागली, पाणी शिरलं, तर दोन्ही एकदमच जाणार. पण मला जास्त काळजी वेगळ्याच गोष्टीची आहे. तो बॅकअप आजवर कुणी उघडून बघितलाय का?

हे विचारायला माझ्याकडे कारण आहे. शाहूपुरीतल्या एका गिऱ्हाइकाला मी एक छोटी बॅच फाइल, म्हणजे कॉम्प्युटरला ठरलेलं काम सांगणारी चिठ्ठी, करून दिली होती. रात्री टॅलीचा डेटा आपोआप बाहेरच्या हार्ड डिस्कवर कॉपी व्हायचा. डिस्क दर शनिवारी राजारामपुरीतल्या घरी जायची, दुसरी दुकानात यायची. 2021 च्या सुरुवातीला त्यांच्याकडे टॅलीप्राइम बसवलं, तेही मीच. नव्या टॅलीचं डेटाचं फोल्डर वेगळं असतं. फाइलमधला पत्ता बदलायचा माझ्याकडून राहिला.

जुलैत महापूर आला. कॉम्प्युटर टेबलावर होता. पाणी टेबलाच्याही वर गेलं. शेठ मात्र निवांत, डिस्क घरी आहे म्हणून. पाणी ओसरल्यावर त्यांच्या हॉलमध्ये बसून डिस्क लावली, टॅलीतली कंपनी, म्हणजे दुकानाची हिशेबाची वही, उघडली. शेवटचं बिल जानेवारीतलं. त्यापुढं काहीच नाही. सहा महिने माझी फाइल नेमाने तीच जुनी पानं उतरवत होती. शेठ काही बोलले नाहीत, चहा तेवढा पुढं सरकवला. शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग जीएसटी पोर्टलवरून जीएसटीआर-1 (विक्रीचं रिटर्न) उतरवून घेतला, खरेदीसाठी 2बी (पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी), बँकेचं स्टेटमेंट, आणि नोंदी भरायला बसलो. जीएसटी नंबरवाल्या व्यापाऱ्यांची बिलं अशी मिळाली. पण किरकोळ गिऱ्हाइकांची पोर्टलवर नुसती बेरीज असते. कुणाकडे किती उधारी, हे सरकारला ठाऊक नसतं. ते पैसे ज्याच्या त्याच्या इमानावर आले. काही आले, काही नाही.

म्हणून महिन्यातून एकदा बॅकअप रिस्टोअर करून, म्हणजे त्यातून हिशेब परत उभा करून बघा, शक्यतो दुसऱ्या कॉम्प्युटरवर. एक जपायचं : रिस्टोअर नेहमी नव्या, रिकाम्या फोल्डरमध्ये करायचं. चालू डेटावर केलं तर आजचं पुसून जुनं बसेल. कंपनी उघडली की बॅकअपच्या दिवशीचं शेवटचं बिल आणि रोख शिल्लक रोजमेळाशी ताडून बघा. जुळलं तर बॅकअप आहे म्हणायचं.

गूगल ड्राइव्हचं म्हणाल तर मुलगाही बरोबर आणि तुम्हीही. बॅकअपची फाइल आधी सेव्हन-झिप या फाइल बांधायच्या सॉफ्टवेअरमध्ये पासवर्ड घालून बंद करा, मग वर चढवा. पासवर्डशिवाय गूगललाही ती वाचता येणार नाही. पासवर्ड कागदावर लिहून दुकानाच्या कागदपत्रांबरोबर घरच्या कपाटात ठेवा; तो हरवला तर मीसुद्धा काही करू शकणार नाही. मात्र टॅलीचं चालू फोल्डरच ड्राइव्हला जोडून देऊ नका. इथं फाइल बिघडली की वरची प्रतही तशीच बिघडते. इथं पुसलेली तिथल्या ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते, मग तिथूनही जाते.

पेन ड्राइव्हऐवजी दोन हार्ड डिस्क घ्या, एक दुकानात, एक घरी, शनिवारी अदलाबदल. काम झालं की डिस्क काढून ठेवायची. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय जगभर पसरला तेव्हापासून हे मी सगळ्यांना सांगतोय. असला व्हायरस जोडून ठेवलेली डिस्कही कुलूपबंद करतो. आणि राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकायला लागली की शनिवारची वाट न बघता दोन्ही घरी न्या.

वर्षांचं सांगतो. जीएसटीचे हिशेब त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून 72 महिने ठेवावे लागतात, एखादं प्रकरण चालू असेल तर आणखी जास्त. मी आठ वर्षं सांगतो. ऑडिट झालं की त्या वर्षाची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घ्या आणि तिच्यावर पुन्हा काही लिहू नका. पेन ड्राइव्ह त्या कामाचा नाही, वर्षानुवर्षं पडून राहिला की त्यातलं साठवलेलं विरत जातं.

दिवाणजींना मात्र बोल लावू नका. रोज न चुकता बॅकअप घेणारा माणूस पेठेत शोधून सापडत नाही. येत्या शनिवारी त्यांना रिस्टोअरला बसवा आणि रोख शिल्लक जुळली का तेवढं मला कळवा.