जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी ग्रँट कशी मिळवायची, आणि आलेला पैसा जातो कुठं?

तुम्ही विचारलंय की अमेरिकेत स्कूल डिस्ट्रिक्टवाले ग्रँट मिळवायला खास माणूस ठेवतात, तसं आपल्या गावच्या जि.प. शाळेला करता येईल का, अर्ज कुणाकडं करायचा. आणि खाली हळूच एक ओळ सोडलीये, "तसंही सरकारकडून एवढा पैसा येतो, तो जातो कुठं?" वरच्या प्रश्नाचं उत्तर दुसऱ्या कुणीही दिलं असतं, मी लिहायला बसले ती या शेवटच्या ओळीसाठी. मराठवाड्यातल्या एका डोंगराळ तालुक्यात, दोनशिक्षकी शाळेवर मुख्याध्यापकाचा चार्ज सांभाळून रिटायर झालेय. कॅशबुक स्वतःच्या हातानं लिहिलंय. त्यामुळं कुठं जातो ते मला तोंडपाठ आहे.

आधी एक गैरसमज काढा. सरकारी ग्रँटसाठी शाळा अर्जबिर्ज काही करत नाही. यूडायस प्लस या शाळांच्या सरकारी पोर्टलवर तुम्ही दरवर्षी जी माहिती भरता, पट किती, खोल्या किती, मुलींचं स्वच्छतागृह चालू का बंद, तोच तुमचा अर्ज. त्यावरून तालुक्याचं, जिल्ह्याचं, मग राज्याचं वार्षिक नियोजन आणि अंदाजपत्रक तयार होतं, ते दिल्लीला मंजुरीला जातं, मंजूर झालं की केंद्राचे ६० टक्के आणि राज्याचे ४० टक्के असे पैसे समग्र शिक्षा या योजनेतून खाली येतात. म्हणजे यूडायस भरताना "मागच्या वर्षीचंच टाका हो" म्हणून ज्यांनी बंद नळाला चालू दाखवला त्यांनी नंतर नळ मागू नये. हे मी आसपासच्या शाळांच्या केंद्रशाळेतल्या मीटिंगमध्ये किती वेळा बोलले असेन, आणि दरवेळी सगळे माझ्याकडं बघून हसायचे.

शाळेच्या हातात जे पडतं त्याला संयुक्त शाळा अनुदान म्हणतात. २०१८ च्या आधी वेगवेगळं यायचं, शाळा अनुदान पाच हजार, देखभाल दुरुस्तीचं वेगळं, शिक्षकाला साहित्यासाठी ५०० रुपये. आता सगळं एकात, आणि पटावर ठरतं. ३० पर्यंत पट असेल तर वर्षाला १०,००० रुपये, ३१ ते १०० ला २५,०००, २५० पर्यंत ५०,०००, हजारापर्यंत ७५,००० आणि त्याच्या वर एक लाख. वर्षाला बरं का, महिन्याला नाही! त्यातले किमान १० टक्के स्वच्छतेवर घालायचे. उरलेल्यात खडू, हजेऱ्या, फिनेल, लाइट बिल, चोरीला गेलेलं कुलूप, मोटर जळली तर मोटर, आणि वरून जी माहिती "तात्काळ" मागवतात तिच्या झेरॉक्स.

३० आणि ३१ मधला फरक बघा. आमचा पट ३१ होता. एकाच घरातली दोन पोरं तालुक्याच्या इंग्लिश मीडियमला व्हॅननं जायला लागली, पट २९ झाला, अनुदान २५ हजारांवरून १० हजारांवर. पुढच्या ग्रामसभेत त्याच पोरांचे आजोबा उठून उभे, "शाळंला पंचवीस हजार येत होते, आता मॅडम दहाच दाखवतात, बाकीचे पंधरा कुठं गेले ते सभेला कळलं पाहिजे." सगळी सभा माझ्याकडं बघतीये. मी म्हणलं, आबा, तुमच्या व्हॅनमध्ये बसून गेले. तेव्हापासून ते मला रामराम घालत नाहीत.

आता ते वर्ष सांगते म्हणजे तुम्हाला सगळा कारभार कळेल. दहा हजारातले अर्धे दिवाळीनंतर आले. लाइट बिल थकलेलं होतं आधीचंच, तोवर शाळेची वीज तोडून गेले होते. बाकीचे अर्धे कधी येणार तर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात, आणि ३१ मार्चला खर्च झाले नाहीत तर लिमिट परत. पूर्वी शाळेच्या खात्यात पैसे यायचे, चेक फाडला की झालं. २०२१ पासून एकच मुख्य खातं वर राज्याला, आपल्याला फक्त खर्चाची मर्यादा दाखवतात. कारण असं देतात की पैसा खात्यात पडून राहत नाही, ते खरंय, पण पडून राहायला आमच्याकडं होता कुठं? मग पीएफएमएसवर, म्हणजे सरकारी पैसे द्यायच्या पोर्टलवर, आधी दुकानदाराची नोंद करायची, एका लॉगिननं बिल भरायचं, दुसऱ्या लॉगिननं मंजूर करायचं, त्याची प्रिंट काढायची, त्यावर मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षाची सही, आणि ती प्रिंट बँकेत. गावातला जो माणूस नळाची तोटी बसवून देतो त्याच्याकडं ना पक्कं बिल ना काही, त्याला पोर्टलवर कसं आणणार, त्याला मास्तर खिशातून देतात, आणि ते कुठल्याच कॅशबुकात दिसत नाहीत.

आणि आमचे अध्यक्ष ऊसतोडीला. गावातले निम्मे आईबाप दिवाळी झाली की कोयता घेऊन कारखान्यावर जातात ते मार्च-एप्रिलला परत, पोरं मागं हंगामी वसतिगृहात. कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक पाहिजेत, निम्म्या बाया पाहिजेत, बरोबरच आहे ते, पण मार्चमध्ये अध्यक्षाची सही लागते हे ठरवणाऱ्याला आमच्या गावात मार्चमध्ये माणूस नसतो हे कुणी सांगितलं नव्हतं. फोन केला तर अध्यक्ष म्हणतात, "मॅडम, मोळी बांधतोय, संध्याकाळी करू का." संध्याकाळी करून काय करू भाऊ, सही पाहिजे, तीपण ओरिजिनल. शेवटी मुकादमाची जीप गावाकडं यायची होती. प्रिंट आमच्या सरांनी एका ट्रॅक्टरवाल्याच्या हातानं तिकडं पाठवली आणि ती जीप सही घेऊन आली. बँकेत गेले तर क्लार्क म्हणतो, कागदाची घडी फार झालीये, शिक्का नीट उमटत नाही. मी तिथंच टेबलावर हातानं कागद सपाट करून दिला.

त्याच वर्षी, जानेवारीत, शाळेला एक भला मोठा टचस्क्रीनचा पॅनल मिळाला. आमच्या धाकट्या दिरांच्या कंपनीकडून. ते पुण्याला नोकरीला, कंपनीच्या सीएसआरच्या, म्हणजे नफ्यातून समाजासाठी करायच्या खर्चाच्या, कामात हौसेनं भाग घेतात. मला विचारलं होतं, "वहिनी, शाळेला काय पाहिजे, यादी द्या." मी यादी दिली. एक, लाइट बिलाची थकबाकी. दोन, दुसऱ्या खोलीवरचे पत्रे. तीन, इन्व्हर्टर. उत्तर आलं की बिल सीएसआरमध्ये बसत नाही, पत्रे बांधकामात येतात, तुम्हाला डिजिटल क्लासरूम देतो. वीज नसलेल्या शाळेला! घर गळतंय आणि पाहुण्यांनी आहेरात झुंबर आणावं तसलं झालं. २६ जानेवारीला शेजारच्या घरातून एक्स्टेंशन बोर्ड ओढून पॅनल चालू केला, फोटो झाले, भाषणं झाली, पाहुणे गेल्यावर वायर गुंडाळून ज्याची त्याला परत. बसवायला आलेल्या माणसाला मी सांगितलं होतं की ही भिंत पावसाळ्यात ओली होते, वरचा पत्रा फाटलाय, पलीकडच्या भिंतीवर लाव. तो म्हणाला, मॅडम, पलीकडं खिडकीचा उजेड येतो, फोटोत स्क्रीन दिसत नाही.

मार्चचे ते अर्धे पैसे आले ते सगळे थकबाकीत, कमी पडले ते आम्ही दोघा शिक्षकांनी घातले, वीज आली एप्रिलमध्ये. थोडे दिवस पोरांनी पॅनलवर कविता ऐकल्या, चित्रं काढली, फार मजा आली त्यांना, ते मी नाकारत नाही. मग पाऊस. जुलैत स्क्रीनच्या एका कोपऱ्यात काळा डाग, मग अर्धी पट्टी, मग काहीच नाही. कंपनी म्हणाली पाण्यानं खराब झालेलं वॉरंटीत येत नाही. आणि तेव्हापासून घरातल्या प्रत्येक लग्नात, बारशात, चार माणसांत आमचे भावजी म्हणतात, "आम्ही देतो हो, पण झेडपीवाल्यांना वापरायचंच नसतं." भावजी, तुम्ही हे वाचणार आहात हे मला माहितीये, म्हणून इथं लिहिते. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत 'शिक्षणाला प्रोत्साहन' एवढंच आहे, पत्रे चालत नाहीत आणि पॅनल चालतो असं त्यात कुठंही नाही. तो तुमच्या कमिटीचा नियम. पत्र्यावर लोगो लावला तर तो फक्त कावळ्यांना दिसतो, ही खरी अडचण आहे.

असो. तुम्हाला सीएसआर मिळवायचाच असेल तर ऐका. ज्या कंपनीची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यातलं एक जरी असेल तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के खर्च करावेच लागतात. त्यामुळं तुम्ही भीक मागायला चाललेला नाही, ताठ जा. शाळेच्या हातात रोख सहसा देत नाहीत, मध्ये एखादी संस्था असते आणि तिची सीएसआरसाठी नोंदणी लागते. मुख्याध्यापकाला परस्पर करार करायला लावू नका, त्याचीच चौकशी लागेल, गटशिक्षणाधिकाऱ्यांमार्फत जिल्हा परिषदेत प्रस्ताव जाऊ द्या. आणि वस्तू मिळत असेल तर लेखी विचारा, दुरुस्ती कोण करणार, किती वर्षं, विजेचं काय. उत्तर गोलगोल आलं तर नको म्हणा. नको म्हणायला आपल्याकडं कुणी धजत नाही, फुकट मिळतंय ना मग घ्या, आणि डेडस्टॉक रजिस्टरला, म्हणजे शाळेच्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, मात्र ती वस्तू मुख्याध्यापकाच्या बोकांडी बसते.

स्पर्धेतून मिळणाऱ्या पैशाबद्दल माझं मत फार चांगलं नाही. राज्याच्या 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' स्पर्धेत राज्यात पहिल्या शाळेला ५१ लाख होते, तालुक्यात पहिलीला ३ लाख. केंद्र सरकारच्या पीएम श्री योजनेत देशभरातल्या साडेचौदा हजार शाळा घ्यायच्या, तालुक्यातून जास्तीत जास्त दोन. दोन्हीकडं जिची इमारत बरी, जिला मैदान आहे, जिथं माणसं आहेत तीच शाळा पुढं जाते. आमच्यासारखी फक्त बक्षीस समारंभाला टाळ्या वाजवायला. भाग घेऊ नका म्हणत नाही मी, भाग घ्या, निदान त्या निमित्तानं परसबाग होते.

खरं काम होतं ते ग्रामपंचायतीकडून, आणि तिकडं कुणी बघत नाही. ग्रामपंचायतीला येणाऱ्या पंधराव्या वित्त आयोगाच्या पैशातले ६० टक्के पिण्याचं पाणी आणि स्वच्छता यासाठीच बांधलेले होते, म्हणजे शाळेची पाण्याची टाकी, नळ, स्वच्छतागृहाची दुरुस्ती त्यात सरळ बसत होती. फक्त ते काम गावाच्या विकास आराखड्यात यायला लागतं, आणि आराखडा ग्रामसभेत ठरतो. वर्गखोली धोकादायक असेल तर आधी निर्लेखनाचा, म्हणजे ती कागदावरून कमी करून पाडायचा, प्रस्ताव घालायला सांगा, कारण जुनी खोली कागदावर उभी असेपर्यंत नवीन मंजूर होणं अवघड, मग अभियंत्याचं अंदाजपत्रक, मग जिल्हा नियोजन समितीकडं पाठपुरावा. पाठपुरावा म्हणजे आवक क्रमांक घेऊन दर महिन्याला जाणं. तो मास्तरनं करायचा का? शाळा बंद करून? हे गावानं करायचं असतं. आमच्या गावात सप्त्याच्या पंगतीला नंबर लागत नाही, पुढच्या वर्षीची पंगत आजच ठरते, आणि पत्र्यांसाठी वर्गणी म्हणलं की सगळ्यांचं एकच, सरकार देतंय की.

आणखी एक. कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीनं शाळेचा तीन वर्षांचा विकास आराखडा करायचा असतो. बहुतेक शाळांत शेजारच्या शाळेचा आराखडा नाव बदलून लावलेला असतो. तो एकदा खरा करा, समितीच्या मीटिंगला बसून, ठराव प्रोसिडिंगला घेऊन. उद्या आमदार येवो, कंपनी येवो की कुणाचे दीर येवोत, तोच कागद पुढं करायचा, यातलं काय देता बोला. कंपन्यांनाही बरं पडतं, त्यांना दाखवायला कागदच लागतो.

आता तुमचा तो प्रश्न, जातो कुठं. कॅशबुक, व्हाउचर फाइल, समितीचं प्रोसिडिंग शाळेत असतं, जा आणि बघा, नाही दाखवलं तर माहितीचा अधिकार आहे. खाणारे मास्तर नसतात असं मी म्हणणार नाही. तीन दुकानांची कोटेशन एकाच हस्ताक्षरात असलेल्या फायली मी पाहिल्यात, आणि वरून "अमुक दुकानातूनच घ्या" असं सांगणारे साहेबही पाहिलेत, त्यांच्यापुढं मी एकदा तोंड उघडलं आणि त्याचं फळही मिळालं, ते इथं नको. पण दहा हजारात खाऊन खाऊन किती खाणार हो, आधी शाळेचा पट विचारा, मग आरोप करा. गणवेशाचंही तसंच, पोरामागं दोन गणवेशांचे ६०० रुपये, त्यातही २०२४-२५ ला कापड वरून आणि शिलाई बचत गटांकडून असा घाट घातला, गणवेश वेळेवर आले नाहीत, डिसेंबर २०२४ ला परत समितीकडं दिलं. आमच्या पोरांचं माप मुंबईतून कसं कळणार होतं?

हे सगळं मी नोकरीत होते तेव्हाचं आहे. जीआर बदलत राहतात, हप्ते कधी नीट येतात कधी नाही, वित्त आयोगही आता बदलला, तेव्हा ग्रामसेवकाला विचारून घ्या. तुमच्या गावची शाळा महापालिका-नगरपालिकेची असेल तर तिथलं अंदाजपत्रक वेगळं चालतं. आणि संस्थेची अनुदानित शाळा असेल तर तिथं वेतनेतर अनुदान हा वेगळाच तमाशा आहे, त्यातलं मला विचारू नका.