मनाची समजूत आणि मनाची फसवणूक

श्रद्धा सुटल्यानंतर स्वतःला थोडं फसवलं तर चालतं का, याभोवती फिरणारी बरीच पत्रं या वेळी आली. त्यातली चार निवडली आहेत.

प्रश्न : देवावरचा विश्वास चार वर्षांपूर्वी हळूहळू गेला. गेल्या वर्षी आई गेली. लहानपणी तिच्याबरोबर दिवेलागणीला रामरक्षा म्हणायचो. हल्ली रात्री झोप लागत नाही, आणि रामरक्षा म्हटली की लागते. पण म्हणताना स्वतःला फसवतोय असं वाटतं. मग वाटतं, फसवलं तर बिघडलं काय? पुन्हा विश्वास ठेवायला शिकता येतं का? (सातारा)

शेवटचा प्रश्न आधी घेऊ. ठरवून विश्वास बसत नाही. बाहेर लख्ख ऊन असताना ‘पाऊस पडतोय’ असं मानून बघा, जमणार नाही. सतराव्या शतकातला फ्रेंच विचारवंत पास्काल याला हे ठाऊक होतं. देव असला तर मोठा लाभ, नसला तर फारसं नुकसान नाही, म्हणून देव मानण्याची पैज फायद्याचीच आहे, एवढं सांगून तो थांबला नाही. पैज पटते पण विश्वास बसत नाही, अशांना त्याने श्रद्धाळूंसारखं वागायला सांगितलं: पवित्र पाणी घ्या, प्रार्थना म्हणवून घ्या, मन मागून येईल. सवय आणि संगत माणसाचं मत वळवतात हे खरंच आहे. पण आपण स्वतःला वळवायला निघालोय हे ज्याला रोज आठवतं, त्याला ही मात्रा फारशी लागू पडत नाही.

खरी आत्मवंचना अशी ठरवून होतही नाही. तिथे माणूस स्वतःशी खोटं बोलत नसतो, तो फक्त बघायचं टाळत असतो. रक्ततपासणीचं पाकीट आठवडाभर कपाटावर पडून राहतं. पासबुक भरून घ्यायला बँकेत जाणं होत नाही. म्हणून स्वतःला एवढंच विचारा : या गोष्टीमुळे मी कोणतं पाकीट उघडायचं टाळतोय? रामरक्षेच्या बाबतीत असं पाकीट दिसत नाही. आई गेली हे तुम्ही नाकारत नाही, झोप नाही हेही नाकारत नाही. याला मराठीत चांगला शब्द आहे, मनाची समजूत घालणं. त्यात खोटेपणा नाही.

मग झोप का लागते? इटलीतल्या लुचानो बर्नार्डी यांच्या गटाने २००१ साली २३ निरोगी माणसांवर एक प्रयोग केला. ख्रिस्ती लोकांची लॅटिनमधली जपमाळ म्हणताना आणि ‘ओम मणि पद्मे हूं’ हा बौद्ध मंत्र म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास आला आणि हृदयाची लय श्वासाशी जुळली. येशू काय किंवा बुद्ध काय, शरीराने दखल घेतली ती ओळीच्या लांबीची.

रामरक्षेचे ३८ श्लोक, बहुतेक अनुष्टुभातले, म्हणजे ३२ अक्षरांचे. मध्यम लयीत एक श्लोक सात-आठ सेकंदांत होतो, श्वास घ्यायला दोन-तीन सेकंद. मिनिटाला सहा श्वास झाले! शिवाय मधलं कवच नीट पाहा. ‘शिरो मे राघवः पातु’पासून कपाळ, डोळे, कान, नाक, कंठ, खांदे, हृदय, नाभी, मांड्या, गुडघे असं उतरत ते पावलांपर्यंत जातं आणि ‘अखिलं वपुः’वर थांबतं. एकेका अवयवावर लक्ष नेऊन तो सैल सोडायचा, हे आजचे समुपदेशक वेगळ्या नावाने शिकवतात.

तेव्हा बेलाशक म्हणा, फक्त पद्धत सांभाळा. अंथरुणात नाही, शेजारी बसून म्हणा. सुरुवातीचे आठ-दहा दिवस एका श्वासात अर्धाच श्लोक घ्या. एकदम पूर्ण श्लोक ओढला तर शेवटची अक्षरं गिळली जातात, मग मोठा श्वास घ्यावा लागतो आणि डोकं हलकं होतं. श्वास नाकाने आणि पोटापर्यंत. कवचात घाई नको, ज्या अवयवाचं नाव येईल तिथे लक्ष न्या. शेवटाकडचा ‘रामो राजमणिः’ मोठ्या वृत्तातला, ७६ अक्षरांचा आहे, त्याचे चार तुकडे करा. पाठांतर इतकं पक्कं असेल की तोंड रामरक्षा म्हणतंय आणि डोकं उद्याच्या हिशेबात आहे, तर काही श्लोक मोठ्याने म्हणा.

खोटी गोळी खरी समजून घेतली तरच गुण येतो, अशीही एक समजूत आहे. हार्वर्डच्या टेड कॅप्चुक यांनी २०१० साली पोटाच्या जुनाट दुखण्याच्या (आयबीएस) ८० रुग्णांपैकी निम्म्यांना ‘यात औषध नाही’ असं स्पष्ट सांगून गोळ्या दिल्या. तीन आठवड्यांनी त्यातल्या ५९ टक्क्यांनी बरं वाटल्याचं सांगितलं, गोळी न घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांनी. हे रुग्णांचं स्वतःचं सांगणं होतं, आणि अशा गोळीने गाठ विरघळत नाही की जंतू मरत नाहीत. पण दिलासा मिळायला फसवणूक लागतेच असं नाही, एवढं त्यातून दिसतं.

एक गोष्ट मात्र रामरक्षेने भरून निघणार नाही. ‘आई पुन्हा भेटेल’ हा आधार श्रद्धेबरोबर गेला. तुमचा शोक दुहेरी आहे, आईचा आणि त्या आधाराचा. त्याला पर्याय आहे असं आम्ही सांगणार नाही. दिवेलागणीची वेळ मात्र रिकामी ठेवू नका. भाऊ-बहीण असतील तर त्या वेळी फोन लावा आणि आईबद्दलच बोला. आठवड्यातून तीन रात्री तरी झोप उडते आणि हे तीन महिने चाललंय, असं असेल तर डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : बाबांची दोन महिन्यांपूर्वी अँजिओप्लास्टी झाली, स्टेंट बसवला. हॉस्पिटलात ते एकदम शांत होते, ‘मला काही होणार नाही, पोथी चालू आहे’ म्हणायचे. आता तेच म्हणत गोळ्या चुकवतात. मी देव मानत नाही, त्यामुळे रोज वाद होतो. (नाशिक)

तुमच्या बाबांची एकच समजूत आधी उपयोगी पडली आणि आता घातक ठरते आहे. १९८७ साली अमेरिकेत हृदयरुग्णांचा असा अभ्यास प्रसिद्ध झाला. आजार नाकारणारे रुग्ण अतिदक्षता विभागातून लवकर बाहेर पडले, पण पुढच्या वर्षभरात त्यांनी पथ्यपाणी कमी पाळलं आणि त्यांना पुन्हा जास्त दिवस दाखल राहावं लागलं. खाटेवर पडून असताना रुग्णाच्या हातात काही नसतं, तेव्हा नाकारल्याने घाबरगुंडी टळते. घरी आल्यावर सगळं त्याच्याच हातात असतं.

गोळ्यांचं गांभीर्य आधी तुम्ही समजून घ्या. स्टेंटनंतर रक्त गोठू न देणाऱ्या सहसा दोन गोळ्या असतात, ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी. मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्येच गुठळी होऊ शकते. दात काढायचा असला तरी हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्या थांबवायच्या नाहीत.

वाद मात्र आजपासून बंद करा. तुम्ही पोथीवर हल्ला केलात की गोळी म्हणजे नास्तिक मुलीचा पक्ष होतो, आणि बाबा तो घेणार नाहीत. सात कप्प्यांचा डबा आणा, रविवारी भरा आणि पोथीच्या चौरंगाशेजारी ठेवा. अध्याय संपला की गोळी, मगच पोथी कापडात बांधायची. रात्रीची गोळी जेवणाच्या ताटाशी जोडा. रिकाम्या पोटी चालतात का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. संध्याकाळी कप्पा बघा, ‘घेतली का?’ विचारू नका, कारण त्याचं उत्तर नेहमी ‘हो’च येतं.

छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं काही झालं तर ‘गॅस झालाय’ ऐकून न घेता १०८ ला फोन लावा.

प्रश्न : देव सोडला, पण ‘जे मागाल ते विश्व देतं’ हे मला पटतं. रोज दहा मिनिटं नवी नोकरी मिळाल्याचं चित्र डोळ्यांसमोर आणते. निराश माणसंच जग खरं बघतात असंही वाचलं, मग भ्रमच बरा ना? (ठाणे)

याला आपल्याकडे मनात मांडे खाणं म्हणतात. मानसशास्त्रज्ञ गाब्रिएले ओएटिंगेन यांनी १९९१ साली वजन कमी करणाऱ्या २५ स्त्रियांचा अभ्यास मांडला. ‘मला जमेल’ असा अंदाज असलेल्यांचं वजन जास्त उतरलं, गुलाबी चित्रं रंगवणाऱ्यांचं कमी. चित्रातच पोहोचल्यासारखं वाटलं की अंगातला जोर ओसरतो. दहा मिनिटांतली दोन चित्राला द्या. उरलेल्या आठात आपल्यातला नेमका अडथळा लिहा (‘मुलाखतीचा फोन आला की मी उचलत नाही’) आणि त्याखाली ‘असं झालं की मी हे करीन’ असं एकच वाक्य.

निराशांची गोष्ट १९७९ च्या एका प्रयोगातली. बटण दाबल्यावर दिवा लागण्यात आपला हात किती, हे खिन्न विद्यार्थ्यांनी अधिक अचूक ओळखलं होतं. २०२२ मध्ये मोठ्या संख्येवर तो पुन्हा केला तेव्हा तसं आढळलं नाही. त्यावर आयुष्याचा बेत आखू नका.

प्रश्न : विश्वास नसताना सासूबाईंसाठी गौरी बसवते. हे ढोंग नाही का? सात वर्षांची मुलगी विचारते, बाप्पा खरंच ऐकतो का? (गोवा)

मान राखणं आणि ढोंग यात फरक आहे. तुम्ही काय मानता हे सासूबाईंना माहीत असेल तर मुळीच ढोंग नाही. माहीत नसेल तर मखराच्या गडबडीत नको, एरवी कधीतरी सांगा. मुलीला मात्र आजच उत्तर द्या : ‘आजीला वाटतं ऐकतो, मला तसं वाटत नाही. तुला काय वाटतं?’ तिचं उत्तर काहीही आलं तरी दुरुस्त करायला जाऊ नका.